खड्ड्यात अडकलेलं बटण

चष्मेवाल्याने भंगारातून एक जुनापुराणा नकाशा उचलून आणला, तेव्हापासून त्याच्या घरात दर रविवारी दुपारी प्रवास सुरू झाला. नकाशा उंचावरच्या एका ओसाड वाळवंटाचा. चिटपाखरू नाही, नुसत्या उंचीच्या तपकिरी रेषा, आणि एका कडेला विहीर, तिच्याखाली छापलेलं, 'बहुधा कोरडी'.

नवरा-बायकोने एकेक बटण घ्यायचं आणि बोटाबोटाने सरकवायचं. बटणं बायकोची, कारण ती कपडे शिवायची. रेषा दाटल्या की उभा चढ, विरळ झाल्या की सपाटी, एवढं तिला चांगलं उमगलं होतं.

गेल्या रविवारी ती एका गोल टेकडीवर ऐटीत चढली आणि चष्मेवाल्याने भिंग लावलं. रेषांना आतल्या बाजूने बारीक दाते होते. म्हणजे टेकडी नव्हेच, खोल खड्डा. हळूच कानात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण समोर मेहुणी बसलेली.

"बघ, तुझी ताई शिखर गाठायला निघाली आणि खड्ड्यात पडली," म्हणत तो पोट धरून हसला. मेहुणीही हसली.

बायकोने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. बटणही तिने खड्ड्यातून हलवलं नाही. घरात आठवडाभर फक्त शिलाई मशीन बोलत होतं. चष्मेवाल्याला जेवण गोड लागेना. तिच्या टोमण्यांचीसुद्धा त्याला आठवण येऊ लागली.

रविवारी त्याने मुकाट्याने आपलं बटण उचललं, कडा उतरला आणि तिच्या बटणाशेजारी जाऊन थांबला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "चल, न्यायला आलोय."

मशीन थांबलं. ती टेबलापाशी आली.

"आठवडाभर पडलेय इथे. घोटभर पाणी नाही मिळालं."

"पलीकडे विहीर आहे ना."

"कोरडी आहे."

"बहुधा," चष्मेवाला म्हणाला.

हा नकाशा तो जिवापाड जपत असे. तरी त्याने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि विहिरीवर एक थेंब सोडला. शाई पसरली, कागद फुगला.

"एवढ्याने काय होतंय," बायको म्हणाली.

त्याने डोळे घट्ट मिटले आणि अख्खा पेलाच खड्ड्यावर धरला.

"अहो, काय करताय? बुडेन की मी," म्हणत तिने त्याचं मनगट पकडलं आणि दुसऱ्या हाताने आपलं बटण झटकन वर काढलं. त्याचं मात्र तिने आतच राहू दिलं.