मला खुंटीवरच राहू द्या

मित्रांनो, मी निपाणीतले एक जुने सूप आहे. तुमच्या स्वयंपाकघरातली माझी भावंडे तांदूळ पाखडतात. माझ्यात मात्र जन्मात धान्याचा दाणा पडला नाही, कारण मी विडीकामाचे सूप. बुरडाने मला बाजारात मांडले होते. विड्या वळणाऱ्या गुणाबाईने माझा काठ दाबून पाहिला, मला उलटे केले, तिथेच खाली बसून मांडीवर घेऊन पाहिले आणि मग कुठे घासाघीस सुरू केली. वीण घट्ट आहे, असे बुरूड शपथेवर सांगत होता आणि तो खरेच बोलत होता.

त्या दिवसापासून मी तिच्या मांडीवर. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कातरलेली तेंदूची पाने, कोपऱ्यात दोरा. गल्लीतल्या बाया आपापल्या दारात विड्या वळत बसत आणि म्हणत, हात असावा तर गुणाक्काचा. मी ते ऐकून फुगून जाई. तिच्या स्तुतीत माझाही वाटा आहे, असे मी धरूनच चालले होते.

कारखान्याचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. पाने कारखाना द्यायचा, पण ती फाटकी किंवा किडकी निघाली तरी विड्या पुऱ्याच द्याव्या लागत. कमी पडलेले पान बाईने पदरच्या पैशाने आणायचे. गुणाबाईने त्यावर कधी तक्रार केली नाही. "आपली जबाबदारी हाय," एवढेच म्हणायची आणि उठून पाने आणायला जायची.

तंबाखूच्या धुळीने छाती भरली, पाठ वाकली, तेव्हा तिने काम सोडले. इतक्या वर्षांच्या फंडाचे पैसे एकदम हातात आले. ते तिने बँकेत ठेवले, महिन्याच्या महिन्याला व्याज मिळेल असे. घरी येऊन तिने मला ओल्या फडक्याने पुसले आणि खुंटीला अडकवले. "बास झालं आता तुझं नि माझं," असे म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी अडगळीत पडल्याचे रडगाणे ऐकवतात. मी ते ऐकवणार नाही. खुंटीवरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले, आणि समोर गुणाबाई पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून चहा पीत असे. तिची पाठ टेकलेली मी पूर्वी कधी पाहिलीच नव्हती. व्याजात दूध, किराणा आणि छातीचे औषध भागायचे. लेक चिकोडीला दिलेली, पण तिच्या सासरी हात पसरायची वेळ येत नव्हती. तिला एवढेच हवे होते.

मग ठेवीची मुदत संपली. गुणाबाई बँकेतून आली ती उंबऱ्यातच बसली. शेजारची मंगल, तीही विडीकामातून मोकळी झालेली, जवळ येऊन विचारू लागली.

"व्याज लई कमी केलंय गं," गुणाबाई म्हणाली. "बँकेतली बाई म्हनली, अज्जी, सगळीकडं असंच हाय. जास्ती पायजे तर शेअर बाजाराच्या योजनेत घाला. पर बुडालं तर आमाला इचारायचं न्हाय. सही तुमची, जबाबदारी तुमची."

"मग?"

"मला काय कळतंय त्यातलं? हाय तितंच परत ठिवलं."

"आक्का, मुद्दलातलं थोडं थोडं काढून खा की. मी तसंच करतीया."

गुणाबाईने कानांवर हात ठेवले. "मुद्दल म्हंजे दावणीची म्हस गं. दूध खावं. म्हशीला सुरी लावायची व्हय?"

"आक्का, म्हस आटली गं," मंगल म्हणाली.

गल्ली मंगलला मुद्दल खाणारी म्हणून नावे ठेवत होती आणि गुणाबाईला मान देत होती. मलाही गुणाबाईचेच खरे वाटले. आज त्याची लाज वाटते. तिने मुद्दलाला हात लावला नाही, पण दोन वेळचे औषध एक वेळेवर आणले. रात्रभर खोकायची आणि मी खुंटीवरून ऐकत राहायचे.

अशा वेळी नागेंद्र आला. गल्लीतलाच मुलगा, एका सोसायटीसाठी दुकानदारांची रोजची बचत गोळा करायचा. त्याची सोसायटी बँकेच्या जवळजवळ दुप्पट व्याज देत होती. "माझ्या आईचं बी तितंच हाय, आक्का," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. मला विकत घेताना गुणाबाईने जेवढे दाबून पाहिले, तेवढेही तिने त्या सोसायटीला पाहिले नाही. सूप कुठे दाबायचे हे तिला ठाऊक होते, सोसायटी कुठे दाबायची हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिने सगळे मुद्दल उचलून तिकडे ठेवले आणि एक रुपयाही मोडला नाही म्हणून समाधानाने झोपली.

काही महिने औषध पुन्हा दोन वेळा आले. मग एके दिवशी सोसायटीचे शटर उघडलेच नाही. नागेंद्र येऊन दारात मान खाली घालून बसला. "आईला अजून सांगिटल्यालं न्हाय," एवढेच बोलला. गुणाबाईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आत जाऊन रडली. गल्ली म्हणाली, जास्त व्याजाची हाव नडली. संध्याकाळच्या औषधाला हाव म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

परवा तिने स्टुलावर चढून मला खाली काढले. मला हात असते तर खुंटी सोडली नसती. काम सोडले तेव्हाच कारखान्याचे कामगार-कार्ड बंद झालेले, म्हणून आता एका ठेकेदाराचे काम घेतले आहे. मजुरी कमी, फंड नाही. तिची बोटे थरथरतात, विड्या सैल होतात आणि ठेकेदार त्या तिच्यादेखत मोडून टाकतो. माझीही वीण सुटली आहे, तंबाखू खाली सांडते. मंगल रोज येते आणि पाने कातरून देते. काल पाने कमी पडली. गुणाबाई भिंतीला धरून उठली. "आपलीच जबाबदारी," म्हणाली आणि पान विकत आणायला गेली.

मित्रांनो, माझे काही खरे राहिलेले नाही, तिचेही नाही. पण तुमच्या घरी कुणी आजी व्याज उतरले म्हणून औषध कमी करत असेल, तर तिच्यापाशी जाऊन बसा. जास्त व्याज देणाऱ्याला, ते कुठून देणार, हे तिच्या वतीने विचारा. मुद्दल मोडले तरी चालेल, पण औषध वेळच्या वेळी घे, असे तिला सांगा. आणि कुणाच्या भिंतीवर विडीकामाचे जुने सूप धूळ खाताना दिसले, तर हळहळू नका, त्याची धूळही झटकू नका. त्या घरातली बाई पाय पसरून चहा पीत असेल.