मेहिटेबलचं गुऱ्हाळ

दरवर्षी मार्च लागला की अल्फियस थर्स्टन बायकोला लिहायचा, की मेपलच्या झाडांना रस सुटेल तेव्हा मी घरी पोचतोच. सहा वर्षं तो पोचला नाही. व्हरमाँटमधल्या एका लहान गावचा हा वकील वॉशिंग्टनला मंत्री झाला आणि जमिनी, पेन्शनी नि पेटंटांच्या कागदांत गळ्यापर्यंत बुडाला. त्याची बायको मेहिटेबल पहिला हिवाळा त्याच्याबरोबर राहिली, पण तिथल्या मेजवान्यांत तिचा जीव रमेना. मी आपली घर सांभाळते म्हणाली आणि परत गेली.

सातव्या वर्षी मार्च लागला तेव्हा मात्र त्याला राहवेना. समोर कागद असायचे आणि डोळ्यांपुढे बाह्या सारून साखरेसाठी मेपलचा रस आटवणारी मेहिटेबल. राष्ट्राध्यक्षांनी उन्हाळ्यापर्यंत थांबा म्हणून गळ घातली, तरी त्याने राजीनामा दिला आणि गाडी धरली.

स्टेशनवरून बर्फ तुडवत तो थेट रानातल्या गुऱ्हाळावर गेला. ती काहिलीतली मळी काढत होती. केस पार पांढरे झाले होते. पत्रांत तिने ते कधी लिहिलं नव्हतं.

"या मंत्रीसाहेब," ती म्हणाली. "किती दिवसांची रजा?"

"रजा नाही. सोडून आलो सगळं."

झारा क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला. चुलाणात लाकडं घाला, एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी तिने सवयीने एकच ताट मांडलं. लक्षात आल्यावर उठून दुसरं आणलं.

"तिसऱ्या वर्षी मी तुमची वाट बघायचं सोडलं," ती खाली बघत म्हणाली. "नाहीतर वेड लागलं असतं. आता एकटीची सवय झालीय. रागावू नका."



त्याने गावातली जुनी कचेरी उघडली. बांधाच्या, वाटणीच्या दाव्यांत दिवस जाई. घरी परतताना ती शेजारणीशी हसताना ऐकू आली, की तो बाहेरच घुटमळायचा. आत गेलं की ते हसू थांबायचं, हे त्याला कळलं होतं.

मे अखेरीस एकदा ती शाल घेऊन दारात उभी राहिली. "कुरणाकडे चाललेय. येताय?"

तो टोपी न घेताच निघाला. चढावर त्याला दम लागला. ती वळली, तो जवळ येईपर्यंत थांबली आणि पुन्हा दोन पावलं पुढे चालू लागली.