मुर्मान्स्कचं ऊन

एप्रिल सरत आला तरी मॉस्कोजवळच्या त्या गावात बर्फ होता, आणि रोदिओन लुकाशिन महिनाभराच्या दौऱ्यावरून आला तो नाकाची सालं निघालेली, मान लालबुंद. आता बोला! माणसानं थाप मारावी, पण निदान आरशात बघून तरी मारावी.

"उत्तरेला मुर्मान्स्कला होतास ना?" त्याच्या बायकोनं, रायसानं विचारलं. "तिथं लोक अजून लोकरी टोपी काढत नाहीत."

"बर्फावरचं ऊन लागतं गं."

"मला शिकवू नकोस. कोण आहे ती?"

बावीस वर्षं रोदिओन रॉकेटची इंजिनं बनवत होता. दूर दक्षिणेच्या उजाड माळावर ती उडायची, कधी जागच्या जागी फुटायची. घरातही बोलणार नाही, असं त्यानं सरकारला लिहून दिलं होतं. तो कारखान्यात पंप बनवतो, एवढंच बायकोला माहीत.

रविवारी रायसानं बॅग भरली. "संध्याकाळच्या गाडीनं बहिणीकडे चालले. कायमची."

नोकरी जाऊ दे, तुरुंगात टाकू देत, पण आज हिला सांगायचंच, असं त्यानं ठरवलं. धीर गोळा करायला तो खाली अंगणात जाऊन बसला. शेजारचे चौघे तिथल्या टेबलावर डॉमिनो खेळत होते, सगळे त्याच्याच कारखान्यातले.

रायसा वाळलेले कपडे काढायला दोरीपाशी आली. शेजारची झिनाईदा तिथंच होती.

"आमचं ध्यान बघ," झिनाईदा म्हणाली. "अर्खांगेल्स्कच्या थंडीतून आलंय म्हणे, तव्यासारखं तापून! आणि तो पलीकडचा रीगाहून."

रायसानं टेबलाकडे पाहिलं. पाच माणसं, पाच सोललेली नाकं. कोणी मुर्मान्स्कचा, कोणी रीगाचा, आणि ऊन मात्र सगळ्यांना एकच लागलेलं. हातातली चादर तशीच धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग वर गेली.

रोदिओन मागोमाग धावला. दार लावून घेतलं.

"रायसा, ऐक. मी खरं सांगतो. तिकडे माळावर आम्ही..."

तिनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप्प! एक शब्द काढशील तर खबरदार." तिचे डोळे भरून आले होते. "मेल्या, इतकी वर्षं एकटाच सोसत बसलास? आणि मी काय काय बोलले तुला!"

मग रोदिओन बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला, आणि तिनं का म्हणून विचारलं नाही.