ओल्या खडीचं तेल

घड्याळजीच्या घरात नवराबायकोचं भांडण होई ते तेलावरून. बाकी सगळ्यात त्यांचं जमे. पुढे त्याचं दुकान, मागे तिची शिवणाची खोली, मधे एक दार. दाराच्या अल्याड एक तेल आणि पल्याड दुसरं.

अल्याडचं तेल अंगठ्याएवढ्या कुपीत असे. घड्याळजी त्यात सुईचं टोक बुडवी, श्वास रोखून धरी आणि घड्याळाच्या पोटात मोहरीहून लहान थेंब अलगद ठेवी. पल्याडचं तेल लांब चोचीच्या बुधलीत असे. त्याची बायको शिलाईमशीनचं डोकं कलतं करी आणि तहानलेल्या वासराला पाजावं तशी बुधली दाबत राही.

"अगं, मशीन आहे ते, त्याला पोहायला शिकवायचं नाहीये," तो दारातून म्हणे.

"आणि तुमच्या घड्याळांपेक्षा चिमणी जास्त पिते," ती म्हणे. मग पाय पुन्हा पायट्यावर, आणि मशीनच्या तालावर तिचं गुणगुणणं सुरू होई. ओळी तिच्याच, त्या त्या वेळी जुळवलेल्या:

*एका थेंबाचा कारभारी घरभर मिरवी,*
*माझ्या मशीनच्या घशाला तेल कोण पुरवी?*

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग बायकोचे डोळे उतरू लागले. उतरले तेही चमत्कारिक रीतीने: कडा शाबूत, मधलं पुसट. समोर बसलेल्याचे कान दिसत, नाक दिसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता असंच राहील. घरी येताना तीच म्हणाली, "बरं झालं. तुमच्यात पाहण्यासारखे कानच होते."

शिवण ती बोटांनी करू लागली. सायकल मात्र बोटांनी चालवता येत नाही. शिवलेले कपडे घरोघर पोचवायला तिची एक हिरवी सायकल होती, तिच्यावरून ती वळणावर पडली. कोपर सोललं, गुडघा सुजला. घरी येऊन म्हणाली, "डोळ्यांमुळे नाही पडले मी. चेन कोरडी होती. आधी कुरकुरली, मग उडाली, म्हणून पडले."

सायकल उचलून घरी आणणारा घड्याळजीच होता. चेन दात्यांवर जागच्या जागी होती, आणि तिच्यातून टपटप तेल गळत होतं. तो म्हणाला, "असेल."

हिरवी सायकल बोळात भिंतीला लागली. आणि मग, जन्मात कधी हौसेची वस्तू न आणणाऱ्या घड्याळजीने एके दिवशी जोडसायकल आणली. लांबलचक, दोन सीटांची, दोन हँडलांची. पुढच्याने वळवायची, मागच्याने नुसती पायडलं मारायची. तिला दोन चेन होत्या. एक पुढच्या पायडलांना मागच्या पायडलांशी बांधणारी, दुसरी तिथून मागच्या चाकापर्यंत जाणारी. बायकोने तिच्या अंगावरून हात फिरवला, जसं गिऱ्हाइकाने आणलेलं कापड पाहावं, आणि ती मशीनपाशी परत गेली. बोळात, हिरवीशेजारी, जोडसायकलवर चादर पडली.

बोललं ते तिच्या भावाने. त्याचं चहाकॉफीचं दुकान होतं, आणि दुकानाची शोभा ही त्याची दुखरी नस. "भाऊजी, नाहीतरी पडूनच आहे. मला द्या. दारावर आडवी टांगतो, दोन्ही सीटांवर दोन कुंड्या, खाली वेल सोडतो. लोक फोटो काढतील."

"फोटो काढायला नाही आणली," घड्याळजी म्हणाला.

"मग बसायला आणली म्हणावं तर कोणी बसत नाही," मेव्हणा म्हणाला, आणि हे खरं असल्यामुळे घड्याळजीला फार लागलं.

शेवटी बायकोनेच निकाल दिला. "एकदा येते मी. कालव्याच्या रस्त्याने जुन्या पंपघरापर्यंत. पण अट ऐका. मागे बसून मला तुमची पाठसुद्धा धड दिसणार नाही, माझी भिस्त कानांवर. चेन कुरकुरली की मी उतरले. मग जाऊ दे ती कुंड्यांखाली."

घड्याळजी हो म्हणाला. आयुष्यभर त्याने लोकांची घड्याळं नीट केली होती. आता तिने पुन्हा हँडल धरावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते एका चेनच्या गळ्यावर येऊन बसलं होतं.

दोघं सायकलवालीकडे गेली. ती एप्रनला हात पुसत बाहेर आली. "काका, चालवणार कुठे?"

"कालव्याकाठी."

"म्हणजे खडी. आणि आठवडाभर पाऊस लागलाय, म्हणजे ओली खडी." तिने तीन बाटल्या फळीवर मांडल्या आणि सोयरिकीतल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी एकेकीची ओळख करून दिली. "हे पातळ. कोरड्या धुळीला उत्तम. पण पाण्याशी याचं पटत नाही, पहिल्याच डबक्यात हात सोडून जातं. हे मेण. स्वभावाने फार स्वच्छ, पण मानपान मोठा: चेन आधी रॉकेलने धुवा, वाळवा, मग वितळलेल्या मेणात बुडवा. अख्खा रविवार खातं. आणि हे घट्ट. पावसात सोडून जात नाही. खोड एकच, जो भेटेल त्याला चिकटतं."

"मग?" घड्याळजीने विचारलं.

"मग थेंबथेंब घालायचं. एका रोलरवर, म्हणजे कडीतल्या या बारीक नळीवर, एक; चेनच्या आतल्या बाजूने, पायडल उलटं फिरवत. मुरू द्यायचं. आणि मग फडक्याने बाहेरून पुसायचं. तेल आत हवं, बाहेर नको. लोक हौसेने घालतात आणि पुसत नाहीत. मग खडीची भुकटी चिकटते आणि चेनचं जातं होतं."

दोघांनी माना डोलावल्या. दोघंही मनातून दुखावली होती. तेल घालायला आपल्याला शिकवणारी ही कोण? तरी इतकं बोलून घेतल्यावर रिकाम्या हाताने निघणं बरं दिसेना, म्हणून घट्ट तेलाची बाटली घेतली.

"डांबर आहे ते," रस्त्यात घड्याळजी म्हणाला. "माझ्या कुपीतलं तेल घालू. जिथे हवं तिथे, हवं तेवढं."

"कुपी चेनच्या दाढेला पुरायची नाही. माझी बुधली भरलेली आहे."

घरी येईतो बोलणं तापलं. बाटली पिशवीत राहिली, पिशवी खुंटीवर गेली. जेवताना बायको म्हणाली, "चेन दोन आहेत, माणसंही दोनच. आपल्या दोघांमधली तुमची, चाकाची माझी. आणि कोणी कोणाच्या चेनकडे बघायचं नाही."

"तू तर तशीही..." म्हणता म्हणता घड्याळजीने जीभ चावली.

"म्हणूनच म्हटलं," ती हसली. "ही अट मला सोपी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून, सुईच्या टोकाने, आपल्या चेनच्या एकेका रोलरवर थेंब ठेवला. चेन ओलीही दिसेना. पलीकडे बायकोने बुधली उपडी केली, आणि फरशीवर तेलाचं तळं झालं. दोघांनी एकमेकांचं काम पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पण दुपारी घड्याळजीचं दुकानात चित्त लागेना. एक लहान काटा त्याच्या चिमट्यातून दोनदा निसटला. तिचं तेल कालव्याच्या पहिल्या डबक्यात धुऊन जाणार, चेन केकाटणार आणि बायको उतरणार, हे त्याला आत्ताच ऐकू येऊ लागलं. बरं, आपलं तेल घालावं तर तेही पाण्यापुढे टिकायचं नाही. आपल्या चेनवर कमी भार येतो, ती सांभाळून घेईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. एका बाजूला जन्मभराचं तत्त्व, दुसऱ्या बाजूला मेव्हण्याच्या कुंड्या.

बायको काठी टेकत शेजारी कोट द्यायला गेली, तसा तो बोळात शिरला. फडक्याने तिचं तेल टिपून घेतलं. पिशवीतली बाटली काढली. झाकण आधीच सैल होतं आणि तेलही बरंच खाली गेलेलं. सायकलवालीने वापरलेली बाटली गळ्यात मारली, म्हणून तो मनातल्या मनात तिच्यावर चिडला. पायडल उलटं फिरवत त्याने एकेका रोलरवर एकेक थेंब घातला. मग वाटलं, अजून एकेक असावा. मग अजून. ज्या हाताने कधी मोहरीएवढ्याहून मोठा थेंब सोडला नव्हता, तो हात त्या दुपारी असा सुटला, की जणू चेनच्या नव्हे, तिच्याच गुडघ्याला तेल लावत होता.

आता पुसायचं, तेवढ्यात दाराशी तिची काठी वाजली. बाटली पिशवीत, पिशवी खुंटीवर, घड्याळजी दुकानात. रात्रीतून मुरेल आपोआप, असं त्याने ठरवून टाकलं. स्वतःच्या चेनकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आपल्या हातचं काम तपासायची त्याला सवयच नव्हती.

सकाळी पाऊस उघडला होता. कालव्याच्या रस्त्यावर खडी भिजून काळी झाली होती, डबक्यांत ढगांचे तुकडे पडले होते, दोन्ही काठांचं गवत पाण्याने वाकलं होतं. घड्याळजी पुढे, बायको मागे. पहिल्यांदा दोघांचे पाय जुळेनात. तो जोर मारी तेव्हा ती पाय अडवून धरी. मग हळूहळू जुळले.

"डबकं आलं," तो म्हणे.

"ऐकलं," ती म्हणे. "तुमच्या चाकाने आधी सांगितलं."

दोन्ही चेन गप्प होत्या, रेशमात सुई जावी तशा. घड्याळजीला पाठीमागे बायकोचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासात अजून न झालेलं गाणं होतं. पंपघराचं छप्पर दिसू लागलं. तो सांगणार होता, पोचलो बघ. तेवढ्यात खालून आवाज आला.

कर्र.

कर्र, कर्र, कर्र. पायडलं जड झाली. कोणीतरी सायकलच्या पोटात दळण घालून बसलं होतं.

"माझी की तुमची?" बायकोने विचारलं.

"दोन्ही," घड्याळजी म्हणाला, आणि पंपघराच्या ओट्याशी सायकल थांबवली.

ती उतरली, उकिडवी बसली आणि चाकाच्या चेनवर बोट ठेवलं. अंगठा आणि बोट यांत काय आलं ते चोळून पाहिलं. कापडाचा पोत पाहायची हीच तिची रीत. "अहो," ती सावकाश म्हणाली, "हे माझं तेल नाही."

घड्याळजी आभाळाकडे बघू लागला. तिचा हात पुढे सरकून दुसऱ्या चेनकडे गेला, तशी त्याने खाली पाहिलं. त्याची चेन, भिंग लावून जोपासलेली, काळ्या चिकट लगद्याने माखली होती, आणि त्या लगद्यात खडीची भुकटी चमकत होती.

"अगं," तो म्हणाला, "हे माझंही नाही."

आता आभाळाकडे बघायची पाळी तिची होती. त्याचा मधला भाग तिला दिसत नव्हता, पण ती बघत राहिली.

"तरीच बाटली उघडी होती," घड्याळजी म्हणाला.

"मग बंद बाटलीतून तेल निघतं का? तुम्ही जेवायला बसलात तेव्हा घातलं. वाटलं, एवढ्याशा थेंबावर ही चेन वाटेत मरेल, आणि मी पुन्हा..." ती थांबली. "तुमच्या मते कुपीतलंच तेल चांगलं होतं ना? मग माझ्या चेनला हात का लावलात?"

"तुझं तेल पावसात टिकलं नसतं."

"तुमचं टिकलं असतं?"

"नसतं," घड्याळजी म्हणाला. हे त्याने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कबूल केलं. "पण तू पुसलं का नाहीस?"

"तुमची पावलं वाजली. तुम्ही?"

"तुझी काठी वाजली."

बायको इतकी हसली, की तिला ओट्यावर टेकावं लागलं. मग तिने पिशवीतून चिंध्या काढल्या. शिवणवाली घराबाहेर पडते ती चिंध्या घेऊनच. त्याने पायडल उलटं फिरवायचं, तिने चिंधीत चेन धरून ठेवायची. कोटाचं अस्तर काळं झालं, मग कुणाच्या तरी झग्याचा काठ, मग परकराची पट्टी. पाहायचं असं त्यात काही नव्हतं. तिची बोटं कडीकडीला विचारत होती आणि कडीकडी उत्तर देत होती.

पुसता पुसता तिने विचारलं, "त्या दिवशी हिरवी सायकल तुम्ही उचललीत. तिची चेन कुठे होती?"

घड्याळजीचा हात पायडलावर थबकला. "जागेवर होती."

"आणि तेल?"

"गळत होतं."

तिने चिंधीची स्वच्छ बाजू शोधली. "मला ठाऊक होतं. तुम्ही 'असेल' म्हणालात ना, तेव्हाच कळलं. एरवी तुम्ही चूक काढल्याशिवाय राहत नाही." आणि मग म्हणाली, "फिरवा. थांबलात का?"

परतीच्या वाटेवर आवाज कमी झाला, गेला नाही. आत शिरलेली भुकटी चिंधीला ऐकत नाही. घड्याळजी प्रत्येक कर्रला मान आत ओढी, उतरते असं ती आता म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही. थोड्या वेळाने, त्याच कुरकुरीचा ताल धरून, ती गुणगुणू लागली:

*पुढच्याला वाट दिसे, मागचीला ऐकू येई,*
*कुरकुरी चेन बाई, दोघांना घरी नेई.*

घरापाशी मेव्हणा उभा होता. हातात टेप, डोळ्यांत वेली.

"काय ताई, कुरकुरली का?"

घड्याळजीने श्वास रोखला, जसा तो सुईच्या टोकावर थेंब असताना रोखी.

"कुरकुरली," बायको म्हणाली. "जाताना आणि येताना."

"मग ठरल्याप्रमाणे नेऊ?"

"अट माझी होती, ती मी मोडली. ही धुवायची आहे. रॉकेल लागेल, नंतर ते डांबरही लागेल, आणि यांना पुसायला शिकवायचंय." ती चाचपडत बोळात गेली आणि भिंतीला लागलेल्या हिरव्या सायकलचं हँडल धरून उभी राहिली. त्या हँडलवरून तिने एकदा अंगठा फिरवला. "ही ने. हिला आता कोणी चालवणार नाही."

मेव्हण्याचा चेहरा पडला. "पण ताई, हिला सीट एकच. कुंडीही एकच बसेल."

"मग एकच ठेव," ती म्हणाली. "आणि चेनखाली गिऱ्हाइकाला बसवू नकोस. तेल गळतं तिचं, पहिल्यापासून."