झंझावीराच्या पाठीवरचे दोन ठिपके

मुर्ध्यातल्या आमच्या घरी पारखी येणार असल्याचं योगेंद्रने जेवताना सांगितलं, आणि सुका बोंबील माझ्या घशातच अडकला.

"कसला पारखी? सोन्याचा?" रुक्मिणीने विचारलं.

"खेळण्यांचा, आई. आपला झंझावीर तपासायला. शांती नगरच्या हॉलमध्ये रविवारी जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन आहे. तिथे ठेवायचा तर तो अस्सल असल्याचा कागद लागतो."

झंझावीर म्हणजे वीतभर उंचीचा प्लास्टिकचा बाहुला. योगेंद्र नऊ वर्षांचा होता तेव्हा दर रविवारी सकाळी टीव्हीवर त्याची मालिका लागायची. हा निळ्या अंगाचा वीर वाऱ्यावर बसून यायचा आणि दुष्टांना उचलून ढगात भिरकावायचा. त्याच्या बाहुल्यासाठी पोराने जेवण सोडलं, तेव्हा भाईंदरच्या बाजारातून मी त्याला तो आणून दिला. आज योगेंद्र पस्तिशीचा झाला, बँकेत साहेब झाला, पण झंझावीर अजून काचेच्या कपाटात आहे. गणपतीत तेवढा बाहेर येतो. पहिल्या वर्षी पोराने हट्टाने त्याला मखराजवळ राखणदार म्हणून उभा केला आणि तो पायंडाच पडला. देवाला गंध लावून झालं की रुक्मिणी त्याच्याही कपाळाला बोट टेकवते.

आता खरं काय ते सांगतो. तो झंझावीर नाहीच.

दुकानातल्या झंझावीराची किंमत म्हणजे माझी मिठागरावरची नऊ दिवसांची मजुरी. त्याच्या शेजारी काळदंत पडला होता. काळदंत हा त्याच मालिकेतला राक्षस. जांभळा, शिंगं असलेला, दात आवळलेला. एकही पोर त्याला हात लावत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ले जाओ चाचा, एक दिन की मजदूरी दे दो." मी घेतला. घरी येऊन लोखंड कापायच्या ब्लेडने त्याची शिंगं कापली. नारळी पुनवेआधी मेव्हण्याची होडी रंगवून झाली होती, त्यातला निळा उरला होता आणि थोडा लाल. अंग निळं केलं, पाठीवरचा झगा लाल केला. दातांचं काही करता येईना, म्हणून ते पांढरे केले. होडीच्या पुढच्या टोकाला नजर लागू नये म्हणून आम्ही शेवटी दोन पिवळे ठिपके देतो. हाताला सवय, झग्यावरही दोन ठिपके देऊन मोकळा झालो.

पोर उड्या मारत गल्लीत गेलं. मी कुणाला काही बोललो नाही. रुक्मिणीलाही नाही.

बुधवारी पारखी आली. मिनल नावाची मुलगी, पाठीला पिशवी, हातात पांढरे मोजे. मी तिला चहा दिला. मग दुसरा दिला. तिसरा विचारला तेव्हा योगेंद्र म्हणाला, "बाबा, त्या चहाच्या पारखी नाहीत."

"पण आज अमावास्या ना? आजच्या दिवशी नको."

"अमावस्या शनवारी हाय," आतून रुक्मिणी ओरडली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, नको तिथे तिला सगळं ऐकू येतं.

मिनलने झंझावीराला रुमालावर आडवा केला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"याचे दात असे आवळलेले का आहेत?"

"दुष्टांचा राग येतो ना त्याला," योगेंद्र म्हणाला.

"डोक्यावर दोन उंचवटे लागतायत."

"ते शिरस्त्राणातलं यंत्र. वारा कुठून येतोय ते कळायला."

मी जमिनीकडे पाहत बसलो. इतकं तर मलाही सुचलं नसतं.

"आणि हे पाठीवरचे ठिपके?"

योगेंद्र या प्रश्नाचीच वाट बघत होता. "तेच तर खास आहे, मॅडम! पहिल्या बॅचची खूण. फक्त शंभर नगांवर होती. आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर मी सविस्तर लिहिलंय. ते वाचून दोघांनी आपापले झंझावीर विकून टाकले, ठिपके नव्हते म्हणून."

 मिनलने कापूस एका बाटलीत बुडवून एका ठिपक्यावर हळूच फिरवला. घरभर टर्पेंटाइनचा वास सुटला.

"अवो, होडी कोन रंगवतंय?" रुक्मिणी स्वयंपाकघरातून.

कापूस आधी पिवळा झाला, मग लाल. मिनलने दुसरा बोळा घेऊन गुडघा पुसला. निळा रंग गेला आणि खालून जांभळा गुडघा वर आला.

"सर, हा झंझावीर नाहीये."

"म्हणजे?"

"वरचा रंग कारखान्यातला नाही. घरी कोणीतरी लावलाय."

योगेंद्रचे कान लाल झाले. "तुम्ही किती वर्षं करताय हे काम?"

"सहा."

"हा सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. माझ्या बाबांनी स्वतः आणलाय. ते खोटी वस्तू आणतील? बघा ना त्यांच्याकडे!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मला जे दिसतंय ते मी लिहिणार, सर."

"लिहा. मीही ग्रुपवर लिहितो, तुम्हाला पारख नाही म्हणून. बघू, पुढच्या वेळी कोण बोलावतंय."

त्याने मोबाईल काढला आणि टाइप करायला लागला. मुलगी मोजे काढत होती. चेहरा कोरा ठेवला होता, पण एक मोजा काही केल्या बोटातून निघेना. माझा पोरगा माझ्या भरवशावर तिच्या पोटावर पाय द्यायला निघाला होता.

"शिंगं मी कापली," मी म्हणालो.

योगेंद्रचा अंगठा थांबला.

"कसली शिंगं?"

"काळदंताची."

मग सगळं सांगितलं. मजुरी, ब्लेड, होडी, ठिपके. रुक्मिणी हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. पहिली तीच बोलली.

"म्हंजे सव्वीस वर्सं मी राक्षसाला गंध लावतंय? गनपतीच्या शेजारी?"

"काकू," मिनल म्हणाली, "सव्वीस वर्षं देवाजवळ उभा राहिला, एव्हाना सुधारला असेल."

रुक्मिणीला हसायचं नव्हतं. तिने झारा तोंडाशी धरला.

योगेंद्र मात्र हसला नाही. "शिंगं कुठेत?"

"खाडीत फेकली."

मिनल कळवळली. "काका! काळदंत कोणी घेतच नव्हतं, म्हणून कारखान्याने तो बंद केला. मी आजवर दोनच पाहिलेत. शिंगांसकट असता तर झंझावीरापेक्षा भारी ठरला असता." मग ती योगेंद्रकडे वळली. "रंग मी काढून देऊ शकते. शिंगं नसली तरी अस्सल काळदंत म्हणून कागद देता येईल. रविवारी मधल्या टेबलावर राहील."

योगेंद्रने बाहुला उचलला. जांभळ्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला, मग डोक्यावरच्या उंचवट्यांवरून.  मला वाटलं, आता विचारेल की अजून काय काय खोटं आणलंत. मी तेही आठवायला लागलो होतो.

"गल्लीतल्या एकाच्याही झंझावीराला दात नव्हते," तो म्हणाला. "माझाच चावायचा."

मग मोबाईलवर लिहिलेलं त्याने पुसलं. "सॉरी, मॅडम. कागद नको. रविवारी मी नुसता बघायला येईन."

"आणि ग्रुपवरचे ते दोघे? ज्यांनी आपले विकले?" मिनलने विचारलं.

"त्यांना..." त्याने घाम पुसला. "त्यांना गणपतीनंतर सांगतो."

मिनल तिसरा चहा पिऊन गेली. योगेंद्रने बाहुला माझ्या मांडीवर ठेवला.

"बाबा, मामाकडे निळा रंग असेल का? आठवड्यावर गणपती आलाय, उघड्या गुडघ्याने कसा उभा राहील?"

"असेल. पुनवेला होडी रंगवली आहे."

"थोडा पिवळाही आणा. तिने पुसला तो ठिपका परत द्या." जाता जाता तो दारात थांबला. "आणि नीट द्या. पहिल्या बॅचचा आहे."