पांढऱ्या गाठी

सोमवारी चार रोपं, बुधवारी तीन, शुक्रवारी पुन्हा चार. सगळी माझ्याच सोयाबीनमधली, दर वेळी वेगळ्या ओळीतली. मुळासकट उपटून, माती झटकून, बांधाच्या कडेला नीट आडवी ठेवलेली. जनावर इतकं टापटीप नसतं. टापटीप आमच्या वहिनी असतात.

थोरला भाऊ गेल्यापासून बांधापलीकडचा अर्धा तुकडा वहिनी कसतात, अलीकडचा मी. कागदावर शेत अजून एकच. यंदा त्यांचं सोयाबीन कोवळ्या शेंगांनी भरलेलं. माझं आधी पिवळं पडलं आणि दोनदा युरिया टाकल्यावर नुसतं पानांनी माजलं. माती तीच, बियाणं तेच. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"गेल्या साली त्यांनी मका घेतला होता," बायको म्हणाली. "तुमचं पाच वर्षं सोयाबीनवर सोयाबीन."

"तुझे कान त्यांनीच भरलेत," मी म्हणालो.

शनिवारी मी वहिनींना बांधावर गाठलं आणि उपटलेली रोपं समोर धरली. "हे काय, वहिनी?"

त्यांनी रोपांकडे पाहिलं, मग एकदा आमच्या घराकडे पाहिलं आणि गप्प राहिल्या. माझ्या लेखी ती कबुलीच होती. मी तिथल्या तिथं सुनावलं, की मोजणीदाराला बोलावतो, वाटणी करून टाकू आणि मध्ये तारेचं कुंपण घालू.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. माझा आणखी तिळपापड झाला.

मोजणी बुधवारी ठरली. त्याआधी त्यांना रंगेहाथ पकडायचंच, म्हणून मंगळवारी दुपारी जेवण टाकून मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दडून बसलो. ग्रीसचा वास, पाठीला रुतणारा पाइप आणि दाराच्या फटीला लावलेला डोळा. अर्ध्या तासानं बांधावर काठी दिसली. काठीमागून माझे वडील आले.

गेल्या वर्षी ते सरीत घसरून पडले, तेव्हा मीच दरडावलं होतं, आता शेतात पाय ठेवायचा नाही म्हणून. त्यांनी माझ्या ओळीतलं एक रोप उपटलं, खिशातला छोटा चाकू काढला आणि मुळाजवळ काहीतरी चिरलं. मग बांध ओलांडून वहिनींच्या बाजूचंही एक रोप उपटलं, तसंच चिरलं आणि बांधाच्या पलीकडच्या कडेला ठेवलं.

मी बाहेर आलो. त्यांनी चाकू पाठीमागे लपवला.

"बाबा, तुम्ही?"

"आलायस तर बस इथं," ते म्हणाले आणि तळहात पुढे केला. त्यावर मुळांवरच्या दोन चिरलेल्या गाठी होत्या, बाजरीच्या दाण्यांहून जरा मोठ्या. "ही तिच्याकडची. आतून गुलाबी आहे, म्हणजे हवेतलं नत्र ओढून झाडाला देतेय. ही तुझी. पांढरीफटक, रिकामटेकडी. पेरणीआधी बियाण्याला चोळायचा तो कल्चरचा पुडा कुठं ठेवला होतास?"

मोटारसायकलच्या डिकीत. दोन दिवस, भर उन्हात. त्यांनी माझं तोंड बघूनच ओळखलं.

"त्यातले जिवाणू जिवंत असतात रे. शिजवलेस तू. वर युरिया ओतलास. आयतं मिळालं की गाठी कशाला कष्ट करतील?"

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर आधी विचारलं असतंस, शेतात कशाला गेलात म्हणून."

"वहिनींना माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी बघितलं तिनं. मीच म्हटलं, त्याला सांगू नकोस."

त्या दिवशी वहिनींनी घराकडे का पाहिलं होतं, ते आत्ता कळलं. मी तसाच त्यांच्या गोठ्यापाशी गेलो. त्या फाटकी पोती शिवत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण बोललो.

"माझं चुकलं, वहिनी. मोजणीदाराला नको म्हणून कळवतो."

त्यांची सुई थांबली नाही. "नको, भाऊजी. होऊ द्या मोजणी. उद्या एखादी ओळ वाळली, की पुन्हा माझ्याच नावानं ओरडाल."

मी खाली मान घालून उभा राहिलो.

दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "फक्त कुंपणाला एक फाटक ठेवा. मामंजींना दोन्हीकडची मुळं बघायची असतात."