गार कॉफीचे कप

"आर्विड, संपली बघ!" मर्नानं कप उलटा धरून दाखवला. टेबलावर थेंबसुद्धा पडला नाही.

"कॉफी प्यायली की संपतेच," वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता आर्विड म्हणाला.

"माझी कधी संपते? शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायले मी आज."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. लग्न झाल्यापासून मर्नाचे अर्धे भरलेले कप घरभर सापडत आले होते. खिडकीत, जिन्यावर, लाकडांच्या ढिगावर, एकदा तर टपालाच्या पेटीत. कप हातात घेऊन ती पत्र टाकायला निघायची, वाटेत वाफ्यातलं तण दिसायचं, ते उपटता उपटता शेजारणीशी गप्पा सुरू व्हायच्या आणि तिकडे ओव्हनमध्ये केकचा कोळसा व्हायचा. रोज संध्याकाळी आर्विड घराभोवती एक फेरी मारून कप गोळा करायचा. बोलायचा काही नाही. फक्त सिंकमध्ये ठेवताना ते जरा जोरात ठेवायचा, आणि तो आवाज मर्नाला बरोबर समजायचा.

यंदा हिवाळ्यात दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला नीट बसवून लहानपणापासूनचं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, तुम्हाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, आणि तो जन्मापासूनचा आहे. रोज सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली. वयाच्या साठीनंतर मर्नाला कळलं, की आपण वेंधळ्या नव्हतो, आपलं डोकंच तशा घडणीचं होतं. त्या दिवशी ती गाडीत बसून पोटभर रडली होती.

"गोळीचा प्रताप आहे तो," आर्विड म्हणाला. "असलं उत्तेजक औषध घेतलं तर कोणीही घोड्यासारखं काम करील. मी घेतली तर मीपण करीन."

मर्नाला ते लागलं. तिला त्याची शाबासकी नको होती. एवढ्या वर्षांत आपण मुद्दाम काही केलं नाही, हे या माणसानं एकदा, फक्त एकदा मान्य करावं, एवढीच तिची इच्छा होती.

आर्विड बोटींवर नावं रंगवायचा. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या त्या काठावर त्याच्याइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. सरोवरावरचं बर्फ फुटलं होतं आणि बोटी पाण्यात उतरवायची कोळ्यांना घाई झाली होती. त्या दिवशी गस नावाच्या कोळ्याची बोट रंगवायला होती. गसनं बोटीला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं, एलन. एलन जाऊन दोन हिवाळे झाले होते, आणि जुनं नाव पार उडालं होतं.

दुपारी मर्ना थर्मासमधून सूप घेऊन बोटींच्या आवारात गेली. पाहते तो काय, आर्विडचा डबा तसाच! बाराचा भोंगा वाजला की भूकंप झाला तरी जेवणारा हा माणूस. वर शिडीवर उभा राहून शीळ घालत होता.

"आलीस? ये, ये! बघ तरी! असा हात आयुष्यात चालला नव्हता माझा. आधी अक्षरांना सावली दिली, मग सोनेरी कड, मग वाटलं कडेला अजून एक कड हवी. आता पुढची पण बोट घेतो आजच. तिच्यापुढची पण घेतो. भूक? भूक कसली!"

महिनाभरात बोलला नसेल एवढं तो एका दमात बोलला. मर्नानं त्याच्या मानेकडे पाहिलं. शीर टकटक उडत होती.

"आर्विड, माझी गोळी घेतलीस तू?"

"घेतली. म्हटलं, बघू तरी."

"खाली उतर. आधी खाली उतर म्हणते ना, मूर्ख माणसा! काळजाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

तिनं दवाखान्यात फोन लावला. तिथल्या नर्सनं आधी त्याला चार शब्द सुनावले. मग सांगितलं, कॉफी नको, बसवून ठेवा, छातीत दुखलं तर ताबडतोब घेऊन या. आर्विड उलट्या बादलीवर बसला, पण पाय हलायचा थांबेना.

तेवढ्यात गस आला. बोटीकडे बराच वेळ बघत राहिला. सावलीवर सावली, कडेवर कड, आणि मधलं नाव त्या गर्दीत कुठेतरी बुडालेलं.

"आर्विड," तो हळूच म्हणाला, "आमच्या एलनला एवढे दागिने आवडायचे नाहीत रे."

आर्विडनं वळून पाहिलं. हातातला ब्रश त्यानं सावकाश खाली ठेवला. त्याचा चेहरा पडलेला बघून मर्नाला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

संध्याकाळी औषधाचा असर उतरल्यावर दोघं मागच्या पायरीवर बसली.

"तुला रोज असंच होतं?" त्यानं विचारलं. "छाती धडधडते? जग जिंकावंसं वाटतं?"

"छे. मला शांत वाटतं. एक काम हातात असलं की दुसरं हाक मारत नाही. परवा तर दुपारी चक्क झोप लागली."

"झोप? त्या गोळीनं?"

"त्याच गोळीनं."

आर्विड पाण्याकडे बघत राहिला. "म्हणजे ती एवढी वर्षं..."

"हो. एवढी वर्षं."

"मला वाटायचं, तुला कशाची पर्वाच नाही. घराची. माझी. चुकलं माझं, मर्ना."

त्याचा रंगानं माखलेला हात तिनं मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची बाटली कुलपात गेली. आर्विडनं सगळे दागिने खरवडले आणि साध्या पांढऱ्या रंगात एलनचं नाव लिहिलं. गसनं टोपी काढली आणि पुसायचं काही नसताना नाक पुसलं.

त्या संध्याकाळी आर्विड नेहमीच्या फेरीला निघाला. स्वयंपाकघरातून मर्ना बघत होती. खिडकी झाली, जिना झाला, टपालाची पेटीही उघडून झाली. कुठेच काही नाही. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मर्नाच्या मनात आलं, आपण बऱ्या झालो आणि याचं एक काम गेलं.

मग तो लाकडांच्या ढिगामागे वळला आणि कप घेऊन आला. संध्याकाळचा, अर्धा भरलेला. गोळीचा असर तोवर उतरत असे, आणि कप तिथे कधी राहिला ते तिला खरंच आठवेना.

"सापडला!" तो दारातून म्हणाला.

ती गार कॉफी त्यानं उभ्या उभ्या पिऊन टाकली, आणि कप सिंकमध्ये अगदी अलगद ठेवला.